रुग्णालयानंतरचे दिवस : अंबरनाथ औद्योगिक परिसरातील रुग्णांची शुश्रूषा

रुग्णालयातून सुटी मिळाली की रुग्ण बरा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. आप्तेष्ट भेटून जातात, देवापुढे नारळ फुटतो, आणि आठ-पंधरा दिवसांत सारे पूर्ववत होईल असे घरातील सर्वांनाच वाटू लागते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र सुटीचा अर्थ पुष्कळच मर्यादित आहे. रुग्णाला चोवीस तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवण्याची आवश्यकता आता उरलेली नाही, एवढाच तो अर्थ होय. जखम अद्याप भरून यावयाची असते, मोडलेले हाड सांधावयाचे असते, लुळ्या पडलेल्या हातापायांत बळ यावयाचे असते. हे सारे घडते ते घरी, आणि तेथे परिचारिका नसते, कुशीवर वळविणारा सेवक नसतो, वेळच्या वेळी औषध हाती देणारे कोणी असेलच असेही नाही.

शस्त्रक्रियेच्या आणि भुलीच्या शास्त्रात झालेल्या प्रगतीमुळे रुग्णालयातील मुक्काम पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु जे दिवस रुग्णालयात कमी झाले, ते रुग्णाच्या आजारातून कमी झालेले नाहीत. त्यांचा भार कुटुंबावर आला आहे. हा भार कोणी, कसा आणि कोणाच्या साहाय्याने उचलावयाचा, याचा विचार सुटीच्या दिवशी लिफ्टपाशी उभे राहून करता येत नाही. तो आधीच व्हावा लागतो.

परिसराचे स्वरूप

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या मार्गावरील सलग वस्ती. अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे अंबरनाथचे नाव इतिहासात आहे. औद्योगिक नकाशावर ते आले विसाव्या शतकात. १९२० च्या दशकातील विम्कोचा आगपेटी कारखाना, त्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने, आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहती, असा हा क्रम आहे. रसायने, औषधे, अभियांत्रिकी आणि सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने येथे आहेत. शेजारचे उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून घडले. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ते कॅम्पच्या क्रमांकानेच सांगितले जातात.

या परिसरातील रुग्णांचे प्रश्न त्याच्या व्यवसायांशी निगडित आहेत. पॉवर प्रेसखाली सापडलेली बोटे, भट्टीजवळ किंवा रसायनाने भाजलेले अंग, वायुगळतीने दुखावलेली फुप्फुसे, उंचावरून पडल्याने मोडलेला कणा, हे येथील विशेष होत. त्यांच्या जोडीला पक्षाघात, हृदयविकार, क्षय, मधुमेहाने चिघळलेले पाय हे सर्वत्र आढळणारे आजार आहेतच. घरांचे स्वरूपही लक्षात घ्यावे लागते. चाळीतील एक खोली, सामायिक शौचालय, लिफ्ट नसलेली चार मजली इमारत, पाळीपाळीने झोपण्यासाठी चौघांनी मिळून घेतलेली भाड्याची जागा, अशा ठिकाणी रुग्ण परत जात असतो. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर पाठविताना ‘विश्रांती घ्यावी’ हा सल्ला पुरेसा ठरत नाही.

उपचारांच्या सोयी येथे आहेत. उल्हासनगर येथे शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आणि राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. अंबरनाथ येथे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, बदलापूर येथे ग्रामीण रुग्णालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा शुभारंभ झाला, त्यांत अंबरनाथच्या महाविद्यालयाचा समावेश होता. गुंतागुंतीच्या आजारासाठी रुग्ण कळवा, शीव किंवा परळ येथील मोठ्या रुग्णालयांत जातात. प्रश्न उद्भवतो तो तेथून परतल्यावर.

सुटीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

सुटीच्या वेळी मिळणारे कार्ड हा पुढील उपचारांचा पाया होय. त्यावर आजाराचे निदान, केलेली शस्त्रक्रिया, तपासण्यांचे निष्कर्ष, द्यावयाची औषधे आणि पुन्हा दाखविण्याची तारीख नमूद असते. हे कार्ड घरातील पत्र्याच्या पेटीत जपून ठेवण्यासाठी नसून प्रत्येक तपासणीच्या वेळी सोबत नेण्यासाठी आहे. त्याच्या दोन छायाप्रती काढून ठेवाव्यात. मूळ कागद हरवल्यामुळे विम्याचा दावा किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. उपचारांची कागदपत्रे मागितल्यास डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या विनियमांत दंडक आहे.

रुग्णालय सोडण्यापूर्वी नातेवाइकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे समजावून घ्यावीत.

पहिला, कोणते औषध किती दिवस आणि कशासाठी? आजारापूर्वी चालू असलेली रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे चालू ठेवावयाची की बंद करावयाची? नव्या आणि जुन्या गोळ्या एकत्र घेतल्याने, किंवा त्याच औषधाची दोन नावांची पाकिटे दोन वेगळी औषधे समजून घेतल्याने अपाय होतो. घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखविणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

दुसरा, रुग्णाने काय करावयाचे आणि काय टाळावयाचे? पायावर भार द्यावा का, जिना चढावा का, जखमेवर पाणी पडू द्यावे का?

तिसरा, धोक्याची लक्षणे कोणती? ताप, जखमेतून पू किंवा रक्त येणे, पोटरीला एकाएकी सूज व दुखणे, धाप, छातीत दुखणे, शुद्ध हरपत जाणे, लघवी बंद होणे, यांपैकी काही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

चौथा, घरी कोणते काम शिकून घ्यावे लागेल? मलमपट्टी, नाकातील नळीतून अन्न देणे, मूत्रनलिकेची स्वच्छता, इन्सुलिनचे इंजेक्शन, ही कामे घरची माणसे शिकू शकतात. मात्र ती वॉर्डातच, परिचारिकेच्या देखत, स्वतःच्या हाताने दोन-तीन वेळा करून पाहावयास हवीत. केवळ पाहून ती येत नाहीत.

पाचवा, पुढील उपचार कोठे मिळतील आणि त्यांचा खर्च कोण सोसणार? या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्ण पुन्हा कामावर उभा राहील की नाही, हे बहुधा अवलंबून असते.

उपलब्ध पर्याय

रुग्णालयानंतरच्या शुश्रूषेचे ढोबळमानाने पाच पर्याय सांगता येतील. ते परस्परविरोधी नाहीत. एकाच रुग्णाला निरनिराळ्या टप्प्यांवर एकाहून अधिक पर्यायांचा आधार घ्यावा लागतो.

घरची शुश्रूषा हा पहिला आणि सर्वांत मोठा पर्याय. आपल्याकडे बहुतेक रुग्णांची काळजी घरीच घेतली जाते, आणि ती घेणारी व्यक्ती बहुधा पत्नी, आई, सून किंवा मुलगी असते. तिच्या श्रमांची नोंद कोठेही होत नाही. पुष्कळदा तिची रोजी बुडते, मुलगी असेल तर शाळा सुटते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. अन्यथा माकडहाड, टाचा, खुबे येथे शय्याव्रण होतात, आणि एकदा खोल गेलेला व्रण भरून येण्यास महिनोन् महिने लागतात. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. एकट्या माणसाला हे दीर्घकाळ झेपत नाही. म्हणून पाळी लावणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मदत घेणे आणि सेवा करणाऱ्याच्या झोपेचीही व्यवस्था पाहणे हा शुश्रूषेचाच भाग समजला पाहिजे.

नजीकचे आरोग्यकेंद्र हा दुसरा पर्याय. ग्रामीण भागात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात नागरी आरोग्य केंद्र आणि २०२३ पासून सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ येथे मलमपट्टी, रक्तदाब व साखरेची तपासणी, नेहमीची औषधे या गोष्टी होऊ शकतात. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि परिहार सेवा यांचाही अंतर्भाव करण्यात आला आहे. टाके काढण्यासाठी किंवा रक्तदाब पाहण्यासाठी परळपर्यंतचा प्रवास करण्याचे कारण नाही. सुटीच्या कार्डावर तशी सूचना मात्र लिहून घ्यावी.

बाह्यरुग्ण विभागातील भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, हा तिसरा पर्याय. सांधे मोकळे करणे, स्नायूंना बळ देणे, तोल सांभाळून चालावयास शिकविणे ही या शास्त्राची कामे. त्याला जोड असते व्यवसायोपचाराची. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, हत्यार पकडणे अशा नित्याच्या क्रिया त्यात पुन्हा शिकविल्या जातात. आठवड्यातून दोन-तीनदा तज्ज्ञाकडे जाऊन व्यायाम शिकणे आणि उरलेले दिवस तेच घरी न चुकता करणे, ही पद्धत साधते. व्यायाम दुखतो म्हणून तो सोडून देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय.

पुनर्वसन संस्था हा चौथा पर्याय. मुंबईत हाजीअली येथे केंद्र शासनाची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. कृत्रिम हातपाय, आधारपट्ट्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि व्यवसाय-मार्गदर्शन या सेवा तेथे एकत्र मिळतात. भाजलेल्या रुग्णांसाठी नवी मुंबईत ऐरोली येथे नॅशनल बर्न्स सेंटर आहे. अंबरनाथहून या ठिकाणी जाणे कष्टाचे असले, तरी उपनगरी गाड्यांत दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही त्यातून प्रवास करता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

निवासी शुश्रूषा आणि परिहार सेवा हा पाचवा पर्याय. खाजगी शुश्रूषा केंद्रे, वृद्धाश्रम आणि ब्युरोमार्फत घरी येणाऱ्या आया वा सेवक ही सोय पैसे मोजून मिळते. ती स्वीकारताना नोंदणी आहे काय, परिचारिका प्रशिक्षित आहे काय, रात्री कोण असते आणि तातडीच्या वेळी रुग्णाला कोठे नेतात, हे प्रश्न प्रत्यक्ष जागा पाहून विचारावेत. ज्या रुग्णाचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्याच्यासाठी परिहार सेवा असते. वेदना, धाप, मळमळ, भीती यांचे निवारण करून उरलेले दिवस सुसह्य करणे हा तिचा हेतू. १९८६ मध्ये वांद्रे येथे सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र होय. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. आजार बरा करता येत नसला तरी वेदना कमी करता येते.

आजारानुसार विचार

हाताची दुखापत. दोर किंवा बोटे सांधण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी हाताचे भवितव्य त्यानंतरच्या आठवड्यांत ठरते. हात छातीपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे सूज उतरते. दिलेली पट्टी तज्ज्ञाच्या सांगण्याशिवाय काढू नये; सांधलेला दोर तुटण्याचा संभव असतो. उलटपक्षी सांगितलेली हालचाल भीतीने टाळल्यास बोटे आखडतात. पाय वा हात कापावा लागला असल्यास उरलेल्या भागावर क्रमाने पट्टी बांधून त्याला आकार द्यावा लागतो. गुडघ्याखाली सुखासाठी उशी ठेवल्यास सांधा वाकलेला राहतो आणि कृत्रिम पाय बसविणे अवघड होते.

भाजणे. भाजलेल्या रुग्णाला ज्या स्थितीत बरे वाटते, नेमक्या त्याच स्थितीत त्याची कातडी आकसते. मान खाली, कोपर दुमडलेला, काख मिटलेली अशी सवय लागल्यास पुढे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून सांधे ताणून ठेवणे, आणि व्रण फुगू नये यासाठी दाब देणारे कपडे दिवसाचा बहुतेक काळ, कित्येक महिने वापरणे आवश्यक असते. उन्हाळ्यात ते असह्य होतात. तरीही ते घालावे लागतात, हे घरच्यांनी जाणून रुग्णाला धीर द्यावा.

वायुबाधा. क्लोरीन किंवा नायट्रोजनच्या ऑक्साइडांसारख्या वायूंचा परिणाम पुष्कळदा काही तासांनी उग्र होतो. ‘बरे वाटते’ म्हणून लवकर घरी आलेल्या कामगाराला पहिले एक-दोन दिवस एकटे ठेवू नये. धाप, सतत खोकला, ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच त्याला परत न्यावे, आणि कोणत्या रसायनाशी संपर्क आला त्याचे नाव कागदावर लिहून सोबत द्यावे.

पक्षाघात. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो. हा काळ केवळ तेल-मालिशीत घालविणे परवडणारे नाही. गिळताना ठसका लागत असल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून रुग्णाला बसवून, लहान घासांनी भरवावे. रक्तदाबाची औषधे बरे वाटल्यावर बंद करणे म्हणजे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण होय.

मानसिक आजार. १९०१ पासून असलेल्या ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालयातून किंवा अन्य ठिकाणाहून परतलेल्या रुग्णाला औषधाइतकीच माणसांत परत घेतले जाण्याची गरज असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सुटीपूर्वी रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय यांच्याशी विचारविनिमय करून पुढील उपचारांची योजना आखण्याची तरतूद आहे. दूरध्वनीवरून सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

खर्च आणि हक्क

राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने जन्मास आली आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला. दरमहा २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून लागू करण्यात आली. या योजनेत औषधोपचाराबरोबरच बुडालेल्या वेतनाची भरपाई मिळते, आणि रुग्णालयानंतरच्या काळात हाच भाग महत्त्वाचा ठरतो. आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. क्षय, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण होत असल्यास, ८० टक्के दराने हा काळ दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. कामावर इजा झाली असल्यास तात्पुरत्या अक्षमतेचा लाभ ९० टक्के दराने, अक्षमता असेपर्यंत मिळतो, आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली ही अट नसते. कायमचे अपंगत्व राहिल्यास वैद्यकीय मंडळ कमाईच्या शक्तीत झालेली घट ठरविते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. कृत्रिम अवयव आणि व्यवसाय-पुनर्वसनाची तरतूदही योजनेत आहे.

हे सर्व लाभ कागदावर अवलंबून असतात. अपघाताची नोंद कारखान्याच्या नोंदवहीत झाली पाहिजे, मालकाने त्याचा अहवाल विलंब न लावता महामंडळाकडे पाठविला पाहिजे, आणि कामगाराने विमा डॉक्टरांकडून रजेची प्रमाणपत्रे खंड पडू न देता घेतली पाहिजेत. येथेच कंत्राटी कामगाराची कुचंबणा होते. अपघातानंतर खाजगी दवाखान्यात नेऊन ‘घरी पडला’ अशी नोंद केली गेल्यास कामावरील इजेचा हक्क सिद्ध करणे पुढे अत्यंत कठीण होते. म्हणून पहिल्याच दवाखान्यातील कागदावर ‘कामावर असताना, यंत्रावर इजा’ हे शब्द असणे हे त्या कामगाराच्या पुढील संपूर्ण आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विम्याखाली न येणाऱ्या कामगारालाही नुकसानभरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून मान्य झालेला आहे.

विमा योजनेबाहेरील कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून काही जिल्ह्यांत सुरू झालेल्या या योजनेला २०१७ मध्ये हे नाव मिळाले. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत आणि प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. काही शस्त्रक्रियांच्या पाठपुराव्याच्या उपचारांचाही तिच्यात समावेश आहे. तिच्याशी संलग्न असलेल्या आयुष्मान भारत योजनेत सुटीनंतर १५ दिवसांपर्यंतच्या औषधोपचाराची तरतूद आहे. घरी ठेवलेल्या सेवकाचे वेतन किंवा महिनोन् महिने चालणारा भौतिकोपचार मात्र या तरतुदीत बसत नाही, ही मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करूनच पुढील तारीख ठरवावी.

कायमचे अपंगत्व आल्यास २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेतल्यावर अनेक सवलतींची दारे उघडतात. १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयाकडे अर्ज करता येतो. क्षयाच्या रुग्णास निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारी दरमहा ५०० रुपयांची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली आहे.

ज्याला घर नाही त्याचे काय?

या परिसरात उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, खानदेश येथून आलेले एकटे कामगार पुष्कळ आहेत. त्यांना सुटी मिळते तेव्हा ‘घरी जा’ या शब्दांना अर्थ राहत नाही. असे रुग्ण बहुधा दोन दिवसांत गावाकडची गाडी पकडतात. गावी सोबत कागद नसतो, तेथील डॉक्टरांना शस्त्रक्रिया ठाऊक नसते, आणि इकडे विम्याची प्रमाणपत्रे खंडित होऊन लाभ थांबतो. अशा कामगाराने गावी जाण्यापूर्वी विमा डॉक्टरांना भेटून आपला विमा क्रमांक, कार्ड आणि उपचारांचा गोषवारा सोबत घ्यावा. विमा योजना अन्य राज्यांतही असल्याने उपचार जवळच्या विमा दवाखान्यात पुढे चालू ठेवता येतात. एवढी गोष्ट त्याला कोणी वेळेवर सांगितली, तरी एक हात वाचू शकतो.

दोन अनुभव

रुग्णालयाबाहेरची शुश्रूषा संघटित करता येते, याची दोन उदाहरणे विचारात घेण्यासारखी आहेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. याच पद्धतीवर २०११ मध्ये देशव्यापी कार्यक्रम आखण्यात आला. त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झाली असली, तरी आशा कार्यकर्ती बाळाच्या जन्मानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी भेट देते.

दुसरे उदाहरण केरळचे. १९९३ मध्ये कोझिकोड येथे वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झालेल्या वेदनानिवारण केंद्रातून पुढे वस्तीवस्तीतील स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण स्वीकारणारे केरळ हे देशातील पहिले राज्य ठरले, आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची जबाबदारी तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांनी उचलली. या दोन्ही प्रयोगांत नवी इमारत उभी राहिली नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घरी, प्रशिक्षित माणूस पोहोचला, एवढेच घडले.

कोणी काय करावे?

पंचायत सदस्यांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. गावातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी आशा कार्यकर्तीच्या मदतीने तयार करावी आणि ती दर महिन्याला मासिक सभेपुढे ठेवावी. चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी ही साधने रुग्णाला काही महिनेच लागतात. ती पंचायतीने घेऊन ठेवल्यास एकामागून एक अनेक घरांना उपयोगी पडतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. तिचा विनियोग वर्षअखेरीस घाईने वस्तू वाटण्याऐवजी अशा प्रत्यक्ष गरजेसाठी व्हावा.

शिक्षकांचे स्थान वेगळे आहे. वर्गातील एखादी मुलगी एकाएकी गैरहजर राहू लागली, तर घरी कोणी आजारी आहे काय याची चौकशी प्रथम तेच करू शकतात. सुटीचे कार्ड बहुधा इंग्रजीत असते. ते मराठीत समजावून देणे, औषधांच्या वेळा सूर्य-चंद्राच्या चित्रांनी कागदावर मांडून देणे, हे काम पाच मिनिटांचे आहे. निरक्षर कुटुंबाला त्याचे मोल फार मोठे वाटते.

कारखान्यांचे कल्याण अधिकारी आणि शासकीय अधिकारी यांनी अपघाताची नोंद, विम्याचे कागद आणि कामगाराचे कामावर परत येणे या तीन गोष्टी एका साखळीच्या कड्या मानाव्यात. तीन बोटे गमावलेला कामगार प्रेसवर उभा राहू शकत नसेल, तर भांडारात, तपासणी विभागात किंवा नोंदणीच्या टेबलावर त्याला काम देता येते. हलक्या कामापासून सुरुवात करून क्रमाने पूर्ण कामावर येणे हाही पुनर्वसनाचाच भाग आहे. त्याची जागा गेली, तर रुग्णालयाने वाचविलेला हात रिकामाच राहतो.

रुग्णालयाच्या कामाची मोजदाद खाटांवरून आणि शस्त्रक्रियांच्या संख्येवरून केली जाते. घरी परतलेल्या रुग्णांपैकी किती जण तीन महिन्यांनी आपल्या पायांवर चालत आहेत, किती जण कामावर रुजू झाले आहेत, याची मोजदाद गावाला आणि वॉर्डाला सहज करता येईल. प्रत्येक पंचायतीने आणि प्रत्येक नगरपरिषद प्रभागाने आपल्या हद्दीपुरती अशी एक वही उघडावी. तिच्यात रुग्णाचे नाव, सुटीची तारीख, पुढील तपासणीची तारीख आणि घरी जाऊन आलेल्या व्यक्तीची सही एवढे चार रकाने पुरेत.